मामाची जागा

कॅसल हिल, सिडनी
रविवार, ८ मार्च २०२६

ती. दादास,

मेधाचा नमस्कार. वहिनीलाही सांग. आम्ही इथे खुशाल आहोत. तुम्हीही असाल असं धरून चालते, कारण तुझ्या घरची खबर हल्ली मला फ्लेक्सवरूनच कळते.

हातानं पत्र लिहितेय याचं नवल वाटू देऊ नकोस. व्हॉट्सॲपवर तुला काही लिहिलं की उत्तर तुझा पीए देतो. मागे तुझ्या मेव्हण्याच्या, रविंद्रच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळवलं, तर 'मॅडम, निरोप साहेबांपर्यंत पोचवला आहे, हार्दिक शुभेच्छा' असं आलं आणि खाली गुलाबाचं फूल. रविंद्र म्हणाला, माझा गुडघा निवडून आलेला दिसतोय. म्हणून हे पाकीट, तेही वहिनीच्या नावानं. ती ते तुझ्या हातात देईल आणि तू वाचून होईपर्यंत समोरून हलणार नाही, असं तिनं मला फोनवर कबूल केलंय.

आधी आनंदाचं. चिन्मयीचं लग्न २ मेला, शनिवारी, सकाळच्या मुहूर्तावर, इथेच कॅसल हिलला. हॉल ठरला. मुंडावळ्या, अंतरपाट, सुपाऱ्या सगळं पेंडल हिलच्या दुकानात मिळालं. गुरुजी आठवडाभर मेट्रोनं ऑफिसला जातात, सॉफ्टवेअर तपासतात, आणि शनिवार-रविवारी लग्नं लावतात. मंत्र स्वच्छ म्हणतात आणि मुहूर्ताला पक्के आहेत. जेवणात मसालेभात, अळूचं फदफदं, जिलबी. अळू एका फिजीच्या बाईंच्या परसातून येणार आहे, त्यामुळे इथल्या बायकांत माझा भाव आताच वधारलाय.

मुलाला तू व्हिडिओवर पाहिलंस. टोबी लॅथ्रप. दोघं वॉलॉंगॉंगला युनिव्हर्सिटीत भेटले. ती तिथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, तो पोर्ट केंब्लाला पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर. उंच, लाजाळू, वरणभातावर लिंबू स्वतःहून मागून घेतो. अमेरिकेतल्या घरच्यांविषयी विचारलं की एवढंच म्हणायचा, "दे आर इन गव्हर्नमेंट." मला वाटलं, असतील कुठे पोस्टात नाहीतर तहसीलदार कचेरीत. साखरपुड्याच्या आधी उलगडा झाला. आजोबा सिनेटर होते. वडील वॉरन, त्यांनी राज्याच्या सभागृहात केस पांढरे केले आणि यंदा गव्हर्नरसाठी उभे आहेत. आई कॅरोलिन, ती एका जुन्या गव्हर्नरची मुलगी. आणि कॅरोलिनचा सख्खा भाऊ ग्रँट, म्हणजे टोबीचा मामा, तो दुसऱ्या पक्षाकडून त्याच खुर्चीसाठी उभा! ऐकून मी कपाळावर हात मारला. चिन्मयीला म्हटलं, "अगं, मी आबांच्या घरातून पळून समुद्रापलीकडे आले आणि तू फिरून तिथेच निघालीस?" ती म्हणाली, "आई, रिलॅक्स. टोबी हेट्स इट मोर दॅन यू डू."

आता तुझ्या फ्लेक्सचं.

तुझ्या हृषिकेशनं स्टँडचौकातला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. दोन मजल्यांएवढा फ्लेक्स. 'सातासमुद्रापार आपला डंका! अमेरिकेचे भावी गव्हर्नर मा. वॉरनराव लॅथ्रप साहेब यांच्याशी सोयरीक जुळल्याबद्दल आमदार संजीवदादांचे हार्दिक अभिनंदन!' एका कोपऱ्यात माझी मुलगी, बोटाएवढी. दुसऱ्या कोपऱ्यात आबा, हार घातलेले. मध्ये तू हात जोडून, आणि तुझ्याशेजारी कोट घातलेले, दात दाखवत हसणारे मा. वॉरनराव.

दादा, ते वॉरन नाहीत. ते ग्रँट आहेत.

तुझ्या माणसानं इंटरनेटवरून त्यांच्या कुटुंबाचा जुना फोटो घेतला असणार आणि त्यातला सगळ्यांत पुढारी दिसणारा माणूस कापून लावला असणार. त्याची नजर चुकली असं मी म्हणणार नाही, ग्रँट दिसतोच तसा. पण तू तुझ्या व्याह्याचं नाव लिहून त्याच्या विरोधी उमेदवाराचा फोटो भरचौकात उभा केलास. हे आपल्याच घराला जमू शकतं.

टोबी तो फोटो पाहून इतका हसला की त्याला ठसका लागला. त्यानं तो आईला पाठवला. कॅरोलिननं भावाला आणि नवऱ्याला, दोघांनाही. आणि मग जे झालं ते तुला सांगायचंच आहे. हे दोघं मेव्हणे चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कॅरोलिन दर वर्षी त्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाचा स्वयंपाक दोनदा करायची, गुरुवारी नवऱ्याच्या माणसांसाठी आणि शुक्रवारी भावासाठी. एकच टर्की पुरली असती, पण टेबल एक नव्हतं. तर ग्रँटनं तुझा फ्लेक्स बघून वॉरनला फोन लावला आणि म्हणाला, "तुझ्या व्याह्यांनी मला पाठिंबा जाहीर केलाय, आता तू माघार घे." वॉरन हसला. मग बराच वेळ दोघं बोलत बसले. कॅरोलिन मला सांगत होती की ती स्वयंपाकघरात दाराआड उभी राहून ऐकत होती आणि तिला रडू आवरेना.

म्हणजे तुझ्या हातून एक चांगलं काम झालंय, चुकून. अजून एक जाणूनबुजून करून घ्यावं म्हणून हे पत्र आहे. पण त्याच्याकडे मी माझ्या क्रमानं येईन.

कॅरोलिन जानेवारीत आठ दिवस आमच्याकडे राहून गेली. आधी मला धडकी भरली होती, गव्हर्नरची मुलगी, हिला पोहे कसे चालायचे. पण ती दुसऱ्या दिवसापासून मटार सोलायला बसली. गप्पा मारताना मी तिला आबांच्या काळातली लग्नं सांगितली. मुहूर्त टळला तरी मंत्री यायचे असतात म्हणून वऱ्हाड ताटकळत बसलेलं, नवरानवरी पाटावर उभी, आणि माइकवर एकामागून एक आशीर्वादाची भाषणं. कारखान्याच्या चेअरमनपासून पतसंस्थेच्या संचालकापर्यंत सगळ्यांचे 'दोन शब्द'. रविंद्र नेहमी म्हणतो तेही सांगितलं, की तुमच्याकडे लग्न नसतं, युती असते. कॅरोलिन खूप हसली. मग मटार सोलायचे थांबवून म्हणाली, "मेधा, आय वॉज द हँडशेक." तिच्या वडिलांचं आणि वॉरनच्या वडिलांचं पिढ्यांचं हाडवैर होतं. ते मिटवायचं ठरलं, दोघांनी सगळ्यांसमोर हात मिळवले, आणि ते हात मिळवणं म्हणजे ही. तिच्या लग्नातली निम्मी माणसं तिनं आधी कधी पाहिलेली नव्हती.

मला तेव्हा कोण आठवलं ते तुला कळलं असेल. मी उठून गॅस बारीक केला आणि विषय बदलला.

वॉरनचं सांगायचं राहिलं. त्याची इच्छा होती की लग्न त्यांच्या राज्यात, पक्षाची उमेदवारी ठरायच्या आत, हिरवळीवर मांडव घालून व्हावं. व्हिडिओवर त्यानं मला मोठ्या उत्साहानं सगळं समजावलं. चिन्मयी शालू नेसून त्याच्याबरोबर स्टेजवर दोन मिनिटं बोलली तर लोकांना फार आवडेल, एक चांगला फोटोग्राफर तयार आहे वगैरे. चिन्मयी माझ्या शेजारीच होती. "थँक्स, वॉरन, बट नो." एवढं बोलून ती चहा करायला उठली. त्याला वाटलं, आईला पटवता येईल. मी म्हटलं, "वॉरन, तुम्ही फार हुशार आहात, पण हे सगळं माझ्या वडिलांनी तुमच्या आधी केलंय. त्यांनी तर जेवणाच्या पंगतीतही मतदारसंघ बसवले होते." तो गडी मोकळा आहे, लगेच हसला आणि मान डोलावली. मी आबांची मुलगी आहे हे तुम्ही लोक विसरता. तिकीट तुला मिळालं म्हणून सगळी अक्कलही तुलाच मिळाली असं नाही.

तर या लग्नात माइक नाही. हॉलवाल्यानं दोनदा विचारलं, "नो माइक? यू शुअर?" मी म्हटलं शुअर. गुरुजींचा आवाज पुरेसा आहे. भाषण नाही, सत्कार नाही, नारळ-फेटा नाही. ग्रँटही येतोय, टोबीचा मामा म्हणून त्याच्या मागे उभा राहायला. मामाचं काम काय ते मी त्याला फोनवर समजावलं. मुलगा बोहल्यावर उभा असेल, तू त्याच्या पाठीशी उभं राहायचं, अंतरपाट दूर होईपर्यंत हलायचं नाही आणि बोलायचं नाही. तो म्हणाला, "मेधा, मी तीस वर्षं राजकारणात आहे, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं." वॉरन पहिल्या रांगेत कॅरोलिनशेजारी बसेल. एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोन उमेदवार एका मांडवात, आणि दोघांचीही तोंडं बंद. हे मी साधलंय, दादा. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

चिन्मयीच्या मागची जागा तुझी आहे. गौरीहरापासून तिला हात धरून तू आणायचंस. ती लहान असताना सुट्टीत आली की तुझ्या खांद्यावरून उतरायची नाही, तुझ्या गाडीवरचा लाल दिवा लावायला लावायची. "मामा इज कमिंग, राइट?" असं ती मला या महिन्यात कितीदा तरी विचारून गेली. मी हो म्हटलंय. पण ते हो पुरं करायला तुझी मदत लागणार आहे.

मी ताईला फोन केला होता. आमंत्रणाचा. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मुलगा काय करतो विचारलं, टोबीला तिखट चालतं का विचारलं. मग म्हणाली, "मेधा, मी यायची नाही. फोनवरचं बोलावणं बाहेरच्यांना चालतं. मला अक्षत माहेरून यायला हवी. आणि मला माहेर नाही असं दादानं लाउडस्पीकर लावून सांगितलंय." चिन्मयीच्या शालूचा रंग विचारला आणि फोन ठेवला.

ती सभा मीही पाहिली, दादा. इथे बसून, फोनवर. गेल्या विधानसभेला ती तुझ्याविरुद्ध उभी राहिली याचा तुला राग आला असेल, येऊ दे. सासरच्या पक्षाकडून उभी राहिली, तिचा अधिकार आहे. तू तिच्या कामावर बोलला असतास, तिच्या पक्षावर बोलला असतास, तर मी एक अक्षर काढलं नसतं. पण तू बाजारतळावर म्हणालास, "एकदा दिलेली लेक त्या घरची झाली. या मातीशी तिचा काय संबंध?" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई तेव्हा नदीपलीकडे आपल्या अंगणात कार्यकर्त्यांच्या मधोमध बसून ते ऐकत होती. तिनं मान वर केली नाही, असं तिच्या सुनेनं मला सांगितलं.

दिलेली लेक. दादा, ती कशासाठी दिली होती?

तिचं वकिलीचं दुसरं वर्ष चालू होतं. पुण्याहून तिला परीक्षेच्या तोंडावर बोलावून घेतलं. नदीपलीकडच्या घराशी आबांचं दोन निवडणुकांचं वैर होतं आणि ते मिटल्याशिवाय तुझं नाव पुढे सरकत नव्हतं. तिच्या लग्नात मंत्री आले, मुहूर्त टळून गेल्यावर. अंतरपाट धरलेलाच होता. मी पहिल्या रांगेत बसले होते, बारावीत होते, सगळं आठवतंय. मंत्र्यांनी माइक घेतला, वधूवरांना आशीर्वाद दिले आणि त्याच दमात म्हणाले की आज दोन घराणी एक झाली आहेत, तेव्हा जिल्हा परिषदेचे आपले उमेदवार संजीवराव. मांडवात फटाके लागले. लोक तुला खांद्यावर घ्यायला धावले. मंगलाष्टकं राहिली बाजूला आणि ताई हातात हार घेऊन अंतरपाटाकडे बघत तशीच उभी. आपला मामा तिच्या मागे होता, तोही तुझ्या मिरवणुकीत गेला. तिच्या पाठीशी त्या वेळी कुणीच नव्हतं.

तुझं पहिलं तिकीट ताईच्या मांडवात जाहीर झालं. तिच्यामुळे तू त्या मातीचा पुढारी झालास आणि त्याच मातीवर उभं राहून तू तिला विचारलंस की तुझा इथे काय संबंध. मला हे ऐकून तुझी लाज वाटली. तुझ्यावर माया आहे म्हणूनच लाज वाटली, परक्याची वाटत नाही.

हे तुला कुणीच सांगणार नाही. तुझ्याभोवतीची माणसं सांगणार नाहीत, वहिनी सांगू शकत नाही, आबा असते तर त्यांनी विषय काढू दिला नसता. मला तुझ्याकडून ना तिकीट हवंय ना टेंडर, म्हणून सांगते.

आता काम सांगते. पत्रिका मी वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे. अक्षता इथून पाठवणार होते, पण पोस्टातल्या बाईनं तांदूळ म्हटल्यावर कपाळाला आठ्या घातल्या. त्या वहिनी तिथे भिजवेल, तिला सांगितलंय. पहिली अक्षत नेहमीसारखी देवापुढे ठेवा. दुसरी घेऊन तू आणि वहिनी नदीपलीकडे ताईच्या घरी जायचं. गाडी तू चालवायचीस. पीए नको, मागेपुढे गाड्या नकोत, फोटो तर मुळीच नको. बातमी पेपरात आली तर मी ती तुझीच समजेन. दारात जाऊन तोंडानं म्हणायचं, "मंजू, चिन्मयीचं लग्न आहे, माहेरचं बोलावणं घेऊन आलोय." याच्यापुढे एक वाक्यही जोडू नकोस. तू भाषण चांगलं करतोस, तिथे करू नकोस. ती कदाचित आत ये म्हणणार नाही. तर उभा राहा. कदाचित तुझी सभा तुला परत ऐकवेल. तर ऐक. तिला चहा टाकायला लागेल तेवढा वेळ ती कठोर राहू शकते, त्याहून जास्त तिला जमत नाही, हे तुलाही माहीत आहे.

ती हो म्हणाली की मला फोन कर. तुमची तिकिटं एकाच विमानाची काढू. सिडनीला उतरल्यावर ताई माझ्या खोलीत आणि तू रविंद्रच्या ऑफिसच्या खोलीत झोपायचंस. तिथे त्याच्या सायकली आहेत, सांभाळून घे.

आणि तू गेला नाहीस, तर? तेही सांगून ठेवते, म्हणजे नंतर तुला फसवल्यासारखं वाटायला नको. मी ईस्टरची सुट्टी घेतली आहे. मी स्वतः येईन. तालुक्यात उतरून तुझ्या घरावरून सरळ पुढे जाईन आणि ताईच्या दारी माझ्या हातानं अक्षत ठेवीन. स्टँडचौकातून पायी जाईन, भर बाजारात, पत्रिका हातात घेऊन. कुणी विचारलं की आमदारांकडे नाही का उतरलात, तर खरं उत्तर देईन. मग चिन्मयीच्या मागे ताई उभी राहील. मामाच्या जागी मावशी उभी राहिली तर गुरुजींची हरकत नाही, मी विचारून घेतलंय. तू आलास तर तुलाही पहिल्या रांगेत खुर्ची मिळेल, वॉरनच्या शेजारी. दोघांना इंग्रजीत निवडणुकीवर बोलता येईल.

पण मला तसं नकोय, दादा. अजिबात नकोय. मला तू तिच्या मागे हवा आहेस आणि ताई तुझ्या शेजारी, हातात करा-दिवा घेऊन. अक्षता उडतील तेव्हा मला वळून बघायचंय आणि तुम्ही दोघं मला एकत्र दिसायला हवे आहात. हे मी कॅरोलिनसाठी करू शकले, तिच्या घरात माझा काडीचा संबंध नसताना. माझ्या स्वतःच्या घरात मला ते जमू नये, हे मी मान्य करणार नाही.

एक शेवटचं. तिच्या दारात गेलास की माझं नाव घेऊ नकोस. मेधानं सांगितलं म्हणून आलो असं म्हणालास, तर ती अक्षत घेईल, लग्नालाही येईल, पण ती अक्षत माझी म्हणून घेईल. ती तुझी म्हणून घ्यायला हवी.

वाट पाहते.

तुम्हा दोघांचीही धाकटी,
मेधा